धागेवाल्यांचा मुलगा: सर थॉमस ग्लेन-कोट्स आणि १९०८ चं शिडाचं सुवर्णपदक

पश्चिमवारा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय (म्हणजे इथे लेख टाकतोय) आणि विषय शब्दशः धाग्याचाच आहे.

दिवाळीची आवराआवर करताना आईचा शिवणाचा डबा हाती लागला. (डबा अर्थातच बिस्किटांचा. आत बिस्किटं होती असं घरातल्या कुणालाच आठवत नाही.) त्यात एक लाकडी रीळ सापडलं. त्याच्या तोंडावर गोल कागद, आणि कागदावर 'जे. अँड पी. कोट्स'. बाजूला अँकरच्या भरतकामाच्या लच्छ्या, बोथट कात्री, हुकांची डबी. मी गेली काही वर्षं जुन्या शिडाच्या शर्यतींबद्दल मिळेल ते वाचतोय. का, ते विचारू नका, मला पोहताही धड येत नाही. पण त्यामुळे ते रीळ बघून मला शिवण आठवायच्या आधी एक होडी आठवली. तिचं नाव हेरा.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या पश्चिमेला पेस्ली नावाचं गाव आहे. तिथे जेम्स कोट्स नावाच्या माणसाने १८२६ मध्ये फर्ग्युस्ली भागात दोऱ्याची गिरणी उभारली. १८३० मध्ये कारभार मुलांकडे गेला. जेम्स आणि पीटर, म्हणून जे. अँड पी. पुढे अमेरिकेत घरोघरी शिवणयंत्रं आली आणि यांचं नशीब फळफळलं. यंत्राला एकसारखा, न तुटणारा दोरा लागतो, आणि तो यांच्याकडे होता. गावात दुसरं धागेवालं घराणं क्लार्क यांचं. १८९६ मध्ये दोन्ही घराणी एक झाली, आणि विसावं शतक उजाडलं तेव्हा ही कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत गणली जात होती. तेल नाही, पोलाद नाही. दोरा!

पैसा आला की ब्रिटनमध्ये दोन गोष्टी पाठोपाठ येत, पदवी आणि यॉट. पदवी आली १८९४ मध्ये. थॉमस कोट्स यांना सरकिताब मिळाला, त्यांनी नावात 'ग्लेन' जोडलं आणि ते झाले सर थॉमस ग्लेन-कोट्स, फर्ग्युस्ली पार्कचे. १९०६ ते १९१० ते लिबरल पक्षाचे खासदारही होते. यॉट मात्र घरात आधीपासूनच होत्या. याच कुटुंबातल्या जेम्स कोट्सची 'मॅज' ही छोटी कटर (एका डोलकाठीची) होडी १८८१ मध्ये आगबोटीवर चढवून न्यूयॉर्कला नेली होती. तिने तिथल्या सातपैकी सहा शर्यती मारल्या आणि रुंद, उथळ होड्यांवर जीव असलेल्या अमेरिकनांना अरुंद, खोल बांध्याचा विचार करायला लावला.

आपला नायक म्हणजे या सर थॉमसांचा मुलगा. त्याचंही नाव थॉमस. जन्म ५ मे १८७८, पेस्ली. अशा घरातल्या मुलाने यॉट विकत घ्यावी, पगारी कप्तान ठेवावा, स्वतः डेकवर खुर्ची टाकून बसावं आणि कप जिंकल्यावर फोटोला उभं राहावं, एवढीच अपेक्षा असते. हा ड्रॉइंग बोर्डाकडे गेला. ग्लासगोत तेव्हा आल्फ्रेड माइल्न नावाचा तरुण होड्यांचा रचनाकार नाव काढत होता. आधी थोर रचनाकार जी. एल. वॉटसन यांच्या हाताखाली शिकलेला, १८९६ मध्ये स्वतःचं दुकान थाटलेला. ग्लेन-कोट्स त्याच्या वर्तुळात वावरला आणि होड्या कागदावर उतरवू लागला. हेरा त्याचीच. रेषा त्याने ओढल्या आणि सुकाणूही त्यानेच धरलं.

आता १९०८. ऑलिंपिक लंडनला, शिडाच्या शर्यती इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट बेटावर, राइडला, जुलैअखेरीस. पण सर्वांत मोठ्या, म्हणजे १२ मीटर वर्गात दोनच नावं आली आणि दोन्ही ब्रिटिश. एक स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवरची हेरा, दुसरी लिव्हरपूलची मुशेट, चार्ल्स मॅकआयव्हर यांची. दोघांनाही राइड लांब पडत होतं. मग शर्यतच उचलून क्लाइडच्या मुखाशी हंटर्स की इथे आणली, तारीख ११ आणि १२ ऑगस्ट. तीनपैकी दोन जिंकायच्या होत्या. हेराने पहिल्या दोन्ही जिंकल्या, तिसरीची गरजच उरली नाही.

लंडनच्या ऑलिंपिकचं सुवर्णपदक स्कॉटलंडच्या खाडीत, लंडनपासून सहाशे-साडेसहाशे किलोमीटरवर ठरलं. प्रेक्षक कोण, तर काठावरचे सुट्टीकर आणि क्लबचे सभासद.

त्याचं पुढचं आयुष्य शांत आहे. १९२२ मध्ये वडील गेले, पदवी याच्याकडे आली. लग्न १९३५ मध्ये, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी, ल्युईझ ह्यूगॉन यांच्याशी. (त्या पुढे लिबरल पक्षाच्या राजकारणात होत्या, आणि माझ्या मते नवऱ्यापेक्षा जास्त चर्चेत.) १९५४ च्या मार्चमध्ये तो गेला. मूलबाळ नव्हतं, पदवी त्याच्याबरोबर संपली.

मला हा माणूस आवडतो तो पदकासाठी नाही. सगळं आयतं मिळत असताना त्याने पट्टी-पेन्सिल हातात घेतली, आणि आपण काढलेली रेष पाण्यात कशी वागते ते स्वतः सुकाणूवर बसून बघितलं, म्हणून. इथे कुणी शिडाच्या होड्या चालवणारे असतील तर लिहा.

---

तिरकस

मी पयला!

लेख आवडला पण शंका आहे. एकूण होड्या दोन, दोन्ही एकाच देशाच्या. म्हणजे शेवटून पहिला आला तरी रौप्यपदक. आमच्या सोसायटीत कोजागिरीच्या संगीत खुर्चीला याहून जास्त चुरस असते हो. श्रीमंतांनी आपापसात खेळायचं आणि त्याला ऑलिंपिक म्हणायचं. सुवर्णपदक नव्हे, हे हळदीकुंकवाचं वाण झालं.

असो. वाद पेटवून धाग्याचा काश्मीर करायची जबाबदारी माझ्यावर नको.

---

सुईदोरा

@तिरकस, काश्मीर आधीपासूनच आहे या धाग्यात!

पैठणीवर, शेल्यावर, मेंदीत आपण जी कोयरी काढतो, तिला सगळं जग 'पेस्ली' म्हणतं. हेच गाव. काश्मिरी शाली युरोपात गेल्या, इतक्या महाग की राण्यांनाच परवडायच्या. मग पेस्लीच्या विणकरांनी मागावर त्यांची नक्कल सुरू केली आणि एकोणिसाव्या शतकात ती इतकी खपली की नक्षीचं नाव काश्मीर न राहता पेस्ली पडलं. कोयरी आपली, बारसं त्यांनी केलं.

दोऱ्याची गोष्टही तिथलीच. नेपोलियनने ब्रिटनची नाकेबंदी केली तेव्हा रेशीम मिळेना. मागाच्या वया (ताण्याचे धागे उचलणारे फास) रेशमी दोऱ्याच्या असत, त्या अडल्या. क्लार्क घराण्यातल्या पॅट्रिकने सुताला असा पीळ दिला की ते रेशमाइतकं गुळगुळीत झालं. मग लक्षात आलं की हा दोरा शिवायलाही चालतो. सुरुवातीला लाकडी रिळासाठी अर्धा पेनी अनामत घ्यायचे, रिकामं रीळ आणून दिलं की पैसे परत. सोड्याच्या बाटलीसारखं.

आणि पश्चिमवारा, तुमच्या आईच्या डब्यात दोन्ही घराणी शेजारी-शेजारी पडलीयेत! रीळ कोट्सचं. अँकर, म्हणजे नांगर, ही क्लार्कांची खूण, त्यांच्या गिरणीचं नावच अँकर मिल्स. मी तीस वर्षं अँकरच्या लच्छ्या वापरतेय (लाल रंग कधीही आधी थोडा धुऊन बघावा, हा फुकटचा सल्ला). भारतात त्या मदुरा कोट्समुळे घरोघरी पोचल्या. दक्षिणेतल्या हार्वे मंडळींच्या मदुरा मिल्स आणि कोट्स एकत्र येऊन ती कंपनी झाली.

तर शिडाच्या होडीवाल्याचा नांगर माझ्या रुमालावर आहे म्हणायचा.

---

मोडीवाचक

धागा उत्तम. वाचनखूण साठवली.

एक दुरुस्ती. लेखात नाही, पण शीर्षक वाचून काहींचा समज होईल की हे लॉर्ड होते. नव्हते. यांची पदवी बॅरोनेट. ती वंशपरंपरेने चालते, नावामागे 'सर' लागतं, पण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खुर्ची मिळत नाही. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर इनाम आहे, जहागीर आहे, पण दरबारात मानाचं पान नाही. याच घराण्यातले जॉर्ज कोट्स १९१६ मध्ये खरे लॉर्ड झाले, बॅरन ग्लेनटॅनर.

जुन्या खानदानी मंडळींच्या नजरेत हे सगळे 'दोरा विकणारे' होते. यावरून चहावाला लिप्टन आठवतो. ग्लासगोच्या गरीब आयरिश घरात जन्मलेला, किराणा दुकानांतून कोट्यधीश झाला, १९०२ मध्ये बॅरोनेट. शिडाच्या शर्यतींतल्या मानाच्या अमेरिकाज कपसाठी १८९९ ते १९३० पाच वेळा शॅमरॉक नावाच्या यॉट घेऊन गेला आणि पाचही वेळा हरला. राजाशी मैत्री होती, तरी रॉयल यॉट स्क्वॉड्रन या सर्वांत मानाच्या क्लबने त्याला सभासद करून घेतलं कधी? १९३१ मध्ये. त्याच वर्षी तो वारला. इतकी वर्षं दारात उभं ठेवलं.

त्या मानाने ग्लेन-कोट्सचं बरं. क्लाइडवर सगळेच असे. जहाजवाले, साखरवाले, दोरेवाले. एकमेकांना कोण हसणार?

---

पश्चिमवारा

@मोडीवाचक, दुरुस्ती मान्य, धन्यवाद. माझ्या डोक्यात 'सरदार' शब्द होता. लेख लिहिताना तो टाळला कारण सरदार म्हटलं की घोडा येतो, होडी नाही.

@सुईदोरा, नांगराचं भारी! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग, चांगला माल होता तो."

@तिरकस, चुरशीचं उत्तर माझ्यापेक्षा पाण्यात उतरलेल्या कुणीतरी द्यावं.

---

नाखवा_रेवस

उतरलेलो आहे, म्हणून बोलतो. नाव नाखवा असलं तरी मी बँकेत होतो. मुंबईच्या बंदरात एका क्लबात तिशीत शीड चालवायला शिकलो. कुठला क्लब ते जाऊ द्या, कारण पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या साहेबांनी मला खाली वाक असं सांगायचं राहून गेलं आणि शिडाखालचा वासा डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी होडीच उलटवली.

तिरकसराव, दोन होड्यांची शर्यत सोपी, हा जमिनीवरचा समज. वीस होड्या असतील तर तुम्ही वाऱ्याशी आणि पाण्याशी खेळता. दोनच असतील तर समोरच्या माणसाशी. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वर जायचं तर तिरकं, नागमोडी जावं लागतं. थोडं डावीकडे, मग नाळ (होडीचं पुढचं टोक) फिरवून उजवीकडे. आता पुढची होडी काय करते? मागच्या होडीच्या आणि वाऱ्याच्या मधे येऊन बसते. तिचं शीड वारा खातं आणि मागच्याला मिळतो तो उष्टा, खवळलेला. मागच्याने नाळ फिरवली की पुढचाही फिरवतो. पुन्हा वारा बंद. हे तासन्‌तास चालतं. दहा माणसांची होडी, प्रत्येक वळणावर शेकडो चौरस फूट कापड इकडचं तिकडे, सगळं हाताने. एक दोर अडकला तर संपलं. अमेरिकाज कपची अंतिम लढत गेली दीडशे वर्षं दोन होड्यांचीच असते, तिला कुणी संगीत खुर्ची म्हणत नाही.

दुसरं, १२ मीटर म्हणजे होडीची लांबी नव्हे. ती साठ फुटांच्या आगेमागे असते. १९०६ मध्ये लंडनला बऱ्याच देशांची बैठक झाली आणि १९०७ पासून नवा नियम लागला. होडीची लांबी, रुंदी, पोटाचा घेर, शिडाच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ अशा मापांची ठरलेल्या प्रमाणात बेरीज करायची, पाण्यावर काठ किती उंच आहे ते वजा करायचं, दोनने भागायचं. उत्तर १२ आलं पाहिजे. म्हणजे लांबी वाढवायची तर शीड कापा. शीड वाढवायचं तर पोट आवळा. प्रत्येक रचनाकार त्याच १२ ला वेगळ्या वाटेने पोचतो. घराच्या महिन्याच्या बजेटसारखं, एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं.

१९०८ म्हणजे हा नियम येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्या गणिताची वाट कुणालाच नीट सापडलेली नव्हती. तिशीच्या हौशी माणसाने स्वतः ते सोडवलं, होडी बांधून घेतली आणि तीच चालवून जिंकली. हे मला पदकापेक्षा मोठं वाटतं. रचनाकार सहसा काठावर दुर्बीण घेऊन उभा असतो आणि हरल्यावर म्हणतो, चालवणाऱ्याने चुकवलं. चालवणारा म्हणतो, होडीच जड होती. ग्लेन-कोट्सला दोन्ही पळवाटा बंद होत्या.

---

तिरकस

नाखवाकाका, हात टेकले. वारा चोरण्याचा भाग वाचून आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ आठवले, नाव घेत नाही.

पण माझा मुद्दा अर्धा तरी शिल्लक आहे. मी शोधलं तर कळलं की त्याच ऑलिंपिकात ७ मीटर वर्गात एकच होडी होती. एकच! हिरोइन नावाची. तिने एकटीने शर्यत लावली आणि सुवर्णपदक घेतलं. आता तिने कुणाचा वारा खाल्ला?

---

मोडीवाचक

@तिरकस, तुम्ही गंमत म्हणून जी होडी काढलीत ती थेट आपल्या साताऱ्याला येऊन लागते. जरा बसा.

हिरोइनचा सुकाणूधारी चार्ल्स रिव्हेट-कार्नॅक. वय पंचावन्न. सोबत होडीवर त्याची पत्नी फ्रान्सिस, तिलाही पदक. आडनाव ओळखीचं वाटतंय? मुंबईतलं कार्नॅक बंदर, कार्नॅक रोड (आताचा लोकमान्य टिळक मार्ग), कार्नॅक पूल. तो जुना पूल पाडला आणि नवा २०२५ मध्ये 'सिंदूर' नावाने खुला झाला. हे सगळं ज्याच्या नावाने, तो सर जेम्स रिव्हेट-कार्नॅक मुंबईचा गव्हर्नर होता, १८३९ ते १८४१. चार्ल्स त्याच घराण्यातला.

आणि या गव्हर्नरने केलं काय? ऑगस्ट १८३९ मध्ये स्वतः साताऱ्याला आला. छत्रपती प्रतापसिंह महाराजांसमोर कागद ठेवला, कटाचा आरोप मान्य करा, सही करा, गादी राहील. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरात त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं, भाऊ आप्पासाहेबांना बसवलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे दारं ठोठावत राहिले.

तेव्हा १९०८ च्या या पदकांच्या यादीत कोयरीचं गावही आहे आणि साताऱ्याची गादी उतरवणारं आडनावही. मी मोडी कागदांत कार्नॅकचं नाव इतक्यांदा वाचलंय, ते ऑलिंपिकच्या यादीत दिसेल असं स्वप्नातही नव्हतं.

---

सुईदोरा

बाई गं. काटा आला. आम्ही कार्नॅक बंदराहून मसाले आणायचो, हे माहीतच नव्हतं.

---

क्लाइडकाठचा

नऊ वर्षं ग्लासगोत आहे, धागा बघून राहवलं नाही.

हंटर्स कीला मी दोनदा गेलोय. गुरॉकजवळून फेरी सुटते, गाडीसकट चढायचं, वीसेक मिनिटांत पलीकडे. समोर होली लॉक नावाची खाडी आत शिरते. डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेले, हिरवे, वरून ढग. कोकणातल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, अरे ही तर जयगडची खाडी. मग वारा अंगावर येतो आणि भ्रम फिटतो. डोंगरांच्या घळींतून अचानक झोत येतात, पाण्यावर काळी सावली धावत येताना दिसते. नाखवाकाकांना आवडेल. इथे सुकाणू धरणाऱ्याला त्या प्रत्येक घळीची ओळख लागत असणार. लिव्हरपूलच्या होडीला घरचं पाणी नव्हतं, हेराला होतं. तिरकस यांनी हा मुद्दा कसा सोडला?

रॉयल क्लाइड यॉट क्लबची जुनी दिमाखदार इमारत किनाऱ्यालाच आहे. पुढे तिचं हॉटेल झालं. शिडांचा तो जमाना गेल्यावर याच होली लॉकमध्ये १९६१ ते १९९२ अमेरिकेच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ होता.

पेस्लीला मात्र कामानिमित्त वरचेवर जातो. कोट्स तिथे जागोजागी भेटतात. वेधशाळा त्यांची, १८८३ ची. टेकडीवरचं भलंमोठं चर्च त्यांचं. अँकर मिल्सच्या एका देखण्या लाल इमारतीत आता फ्लॅट आणि कचेऱ्या आहेत. फर्ग्युस्लीच्या गिरण्या बहुतेक पाडल्या गेल्या.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. 'फर्ग्युस्ली पार्कचे बॅरोनेट' ही जी पदवी, ते फर्ग्युस्ली पार्क पुढे सरकारी घरांची वस्ती झालं. स्कॉटलंडमध्ये वंचित भागांची यादी निघते. २०१२ आणि २०१६ मध्ये त्या यादीत सर्वांत वरचं, म्हणजे सर्वांत वंचित ठिकाण, हेच होतं. माझ्यासोबत काम करणारा एकजण तिथला. त्याची आजी कोट्समध्ये होती. मी त्याला हेराचं सांगितलं तर तो म्हणाला की आमच्या घरात त्यांची होडी कुणाला माहीत नाही, भोंगा माहीत आहे.

---

चिरेबंदी

भोंगा शब्द वाचून लॉगिन केलं. लालबागची आहे. आजोबा गिरणीत साच्यावर (मागावर) होते, आजी वाइंडिंग, म्हणजे दोरा गुंडाळायच्या, खात्यात.

लेखक म्हणतात या माणसाने आयतं मिळत असताना पट्टी-पेन्सिल धरली, कौतुक आहे. पण पट्टी-पेन्सिल धरायला जो निवांतपणा लागतो तो कुणीतरी दहा-बारा तास उभं राहून कमावलेला असतो. पेस्लीच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बहुतेक बायका आणि मुलीच होत्या, हजारोंनी. दोऱ्याला हात बाईचाच लागतो, हे मला आजीमुळे माहीत आहे. तिच्या उजव्या तर्जनीवर दोऱ्याने पाडलेली खाच शेवटपर्यंत होती.

मी पदक नाकारत नाही. फक्त 'स्वतः केलं' याच्यावर थोडं बोट ठेवतेय.

---

नाखवा_रेवस

@चिरेबंदी, बरोबर बोललात. होडीवरही तेच असतं.

याच हंटर्स कीसमोरच्या पाण्यातली १८९४ ची गोष्ट. ५ जुलै, मोठ्या होड्यांची शर्यत, सुरुवातीच्या रेषेजवळ गर्दी. लॉर्ड डनरेव्हनची 'व्हल्करी दुसरी' ही यॉट आणि सॅटनिटा नावाची अजस्र कटर. सॅटनिटाच्या वाटेत एक छोटी होडी आली, तिला चुकवायला वळली ती थेट व्हल्करीच्या कुशीत घुसली. नऊ मिनिटांत व्हल्करी तळाला. लॉर्डसाहेब वाचले, पुढच्याच वर्षी नवी यॉट घेऊन अमेरिकेला गेले. एक खलाशी मात्र गेला. शर्यतींच्या इतिहासात होडीचं नाव मोठ्या अक्षरात येतं, त्याचं शोधावं लागतं.

---

पश्चिमवारा

@चिरेबंदी, तुमचं म्हणणं मला टोचलं आणि टोचायलाच हवं होतं. लेखात मी गिरणी एका परिच्छेदात उरकली आणि माणसं लिहिलीच नाहीत. तरी एक सांगतो. त्या घरात पैसा उडवायच्या शंभर वाटा होत्या. जेम्स आणि अँड्र्यू कोट्सनी तो विल्यम स्पियर्स ब्रूसच्या दक्षिण ध्रुवाकडच्या स्कॉटिश मोहिमेला दिला (१९०२ ते १९०४, जहाज स्कोशिया), आणि अंटार्क्टिकाच्या नकाशावर 'कोट्स लँड' उमटलं. म्हणजे सुईत ओवायच्या दोऱ्याने बर्फाचा एक आख्खा प्रदेश नावावर केला! पैसा गिरणीतल्या बायांचाच, हे तुमचं खरं. या पोराने त्यातून निदान स्वतः हात काळे करण्याचं काम निवडलं, माझं कौतुक तेवढ्यापुरतंच.

आणि सुकाणूवाल्याचंच नाव लिहिलं, हीसुद्धा चूक. हेरावर दहाजण होते. ग्लेन-कोट्सनंतरचा जॉन डाउन्स, त्याचा भाऊ आर्थर डाउन्स (हा डॉक्टर होता), मग बुकॅनन, बंटन, डनलॉप, मॅकेन्झी, मार्टिन, टेट, अ‍ॅस्पिन. त्यांना दोर ओढताना सुकाणूवाल्याचा हेवा वाटला असेल की दया, काय सांगावं.

@क्लाइडकाठचा, घरच्या पाण्याचा मुद्दा शंभर टक्के. तो लेखातच हवा होता.

---

तिरकस

मी आता पक्ष बदलतोय. पदक खरं. मात्र यजमानाने शर्यत अंगणात ओढून आणली, हे लक्षात ठेवणार. आमच्या सोसायटीतही संगीत खुर्ची नेहमी चेअरमनच्या गच्चीवरच असते.

अवांतर: भारताचं कुणी शिडात ऑलिंपिकला गेलंय का?

---

नाखवा_रेवस

गेलंय की. १९७२, म्युनिकचं ऑलिंपिक, शिडाच्या शर्यती उत्तरेला कीलला. सोली काँट्रॅक्टर आणि ए. ए. बसिथ, फ्लाइंग डचमन वर्गात. आपले पहिले. आणि १९८२ च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती दिल्लीत कशा होणार, त्या मुंबईला झाल्या. फरोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण घेतलं. ते घरच्याच पाण्यात, तिरकसराव, पण इतर देशांच्या होड्यांसमोर.

१२ मीटरचं म्हणाल तर १९१२ मध्ये स्वीडनला आणि १९२० मध्ये बेल्जियमला ती ऑलिंपिकात होती, नंतर गेली. फार खर्चीक. पण १९५८ मध्ये अमेरिकाज कपने तोच वर्ग उचलला आणि १९८७ पर्यंत चालवला. हेराच्या नाती-पणती म्हणा.

---

सुईदोरा

पश्चिमवारा, ते रीळ टाकू नका हं. त्यावर दोरा उरलाय का? जुना सुती दोरा कधीकधी कुजतो, हलका झटका देऊन बघा. तुटला तर नुसतं शोभेला ठेवा.

---

पश्चिमवारा

उरलाय, अर्धं रीळ. पांढरा होता, आता ताकाच्या रंगाचा झालाय. झटका दिला. तुटला नाही, बोटाला मात्र कापलं. आई म्हणते तर्जनीवर घेऊन ओढायचा नसतो.